प्रिंटमध्ये खरा काळा रंग का उतरत नाही? डार्करूममधील काँट्रास्टविषयी मार्गदर्शन हवे

ओसरी

नमस्कार. पुण्यात घरच्या न्हाणीघरात मी गेली दोन वर्षे कृष्णधवल प्रिंट काढते आहे. लहानसहान अडचणी आजवर वाचून आणि करून पाहून सुटत गेल्या, पण एका निगेटिव्हने मला तीन आठवडे अडवून धरले आहे, म्हणून हा धागा काढते.

छायाचित्र गावच्या घरातले आहे. माजघरात आजी जात्यापाशी बसली आहे, उजवीकडच्या एकुलत्या खिडकीतून उजेड येतो आहे, तिचे फिक्या रंगाचे नऊवारी लुगडे त्या उजेडात उठून दिसते आणि मागची भिंत वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराने काळी झालेली आहे. ते काळेपण मला हवे आहे. प्रत्यक्षात प्रिंटवर येतो तो ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीचा रंग. पाटी काळीच असते, पण खडूची पूड तिच्यावर पसरून राहते, तसे काहीसे.

फिल्म एचपी ५ प्लस, ४०० आयएसओलाच वापरलेली, डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) निम्मे पाणी घालून, म्हणजे १+१ प्रमाणात, डेव्हलप केलेली. एन्लार्जर (निगेटिव्हची प्रतिमा कागदावर मोठी पाडणारे यंत्र) जुना, कंडेन्सरचा, म्हणजे भिंगांनी प्रकाश सरळ करून सोडणारा. कागद इलफर्डचा मल्टिग्रेड (फिल्टर बदलून काँट्रास्ट बदलता येणारा) आरसी (प्लॅस्टिकचा थर दिलेला), पर्ल पृष्ठभागाचा; फिल्टरचा नंबर जितका मोठा तितका काँट्रास्ट जास्त. २ नंबरच्या फिल्टरने, लेन्सचे छिद्र एफ/८ ठेवून १४ सेकंद प्रकाश दिला की चेहरा आणि लुगडे बरोबर येते, पण भिंत राखाडी राहते. ४ नंबर लावून वेळ दुप्पट केली की भिंत काळी होते, पण चेहरा चुना फासल्यासारखा होतो आणि लुगड्याच्या निऱ्या नाहीशा होतात. प्लॅस्टिकचा थर नसलेला फायबर कागद घ्यावा, डेव्हलपर बदलावा की काळा गडद करणारा सेलेनियम टोनर आणावा? खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

दोनछटा

स्प्लिट-ग्रेड पद्धतीने (ग्रेड म्हणजे काँट्रास्टची पायरी) छापून पाहा. ०० नंबरच्या फिल्टरने पांढऱ्याकडचे तपशील बसवायचे, मग त्याच कागदावर ५ नंबरने काळा भरायचा. माझे असे सगळे अवघड निगेटिव्ह याच पद्धतीने सुटले आहेत.

हायपोगंध

ओसरीताई, आधी काहीही विकत घेऊ नका. मी सांगलीत एका स्टुडिओत २८ वर्षे प्रिंटिंगचे काम केले. काळा उतरत नाही अशी तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा एकच गोष्ट पाहत असू: या कागदाला या डेव्हलपरमध्ये काळा देता येतो की नाही. हे पाहायला एन्लार्जर लागत नाही, निगेटिव्ह लागत नाही, फिल्टरही लागत नाही.

कागदाचा बोटभर तुकडा कापून घ्या, बाकीचे पाकीट नीट बंद करा आणि तो तुकडा खोलीच्या साध्या दिव्याखाली दहा सेकंद धरा. मग ताज्या डेव्हलपरमध्ये तो पूर्ण दोन मिनिटे हलवत ठेवा, फिक्स करा (पुढे उजेडाने काळा पडू नये म्हणून फिक्सरमध्ये घाला), धुवा आणि वाळवा. जो रंग येईल, तो तुमच्या कागदाचा आणि रसायनांचा सर्वांत गडद काळा. यापेक्षा काळे तुमच्या घरात आज काहीही छापले जाणार नाही. हा तुकडाच राखाडी दिसला तर दोष कागदात, डेव्हलपरमध्ये किंवा तापमानात आहे. तो उत्तम काळा आला तर दोष पुढे कुठेतरी आहे आणि मग फायबर, सेलेनियम वगैरे सगळे तूर्त बाजूला ठेवायचे.

दुसरी चाचणी फिल्मच्या मोकळ्या भागाची. दोन फ्रेमच्या मधली स्वच्छ पट्टी निगेटिव्ह धरणाऱ्या कॅरिअरमध्ये बसवा, एन्लार्जरची उंची, छिद्र आणि फिल्टर नेहमीचेच ठेवा आणि कागदावर दोन-दोन सेकंद वाढवत पट्ट्या द्या. वाळल्यावर चांगल्या उजेडात पाहा. एका ठिकाणापासून पुढे पट्टी अधिक काळी होत नाही, दोन पट्ट्यांमधली रेघ दिसेनाशी होते. ती जिथे पहिल्यांदा दिसेनाशी होते, तितकी वेळ काळ्यासाठी किमान लागते. तुमचे १४ सेकंद तिथवर पोहोचतात का, एवढे आम्हाला सांगा.

निरांजन

डेव्हलपरचे तापमान किती होते आणि प्रिंट त्यात किती वेळ ठेवला होता?

ओसरी

तापमान २४ अंश होते. वेळ मोजलेली नाही. प्रिंट पुरेसा दिसला की मी काढून घेते.

हायपोगंध

ही सवय आजपासून मोडा. ट्रेमधला प्रिंट डोळ्यांना आवडला म्हणून काढायचा नसतो, तो ठरलेल्या वेळी काढायचा. लाल उजेडात प्रत्येक प्रिंट आहे त्याहून गडद दिसतो, त्यामुळे नवशिका माणूस घाबरून तो लवकर उचलतो, आणि काळा भाग पूर्ण भरायला जो शेवटचा वेळ लागतो तोच कापला जातो. आरसी कागदाला एक ते दीड मिनिट, फायबरला दोन ते तीन मिनिटे घड्याळ लावून द्या. प्रिंट जास्त गडद आला तर एक्स्पोजर कमी करा, डेव्हलपरमधली वेळ कमी करू नका.

लघुगणक

हायपोगंध काकांच्या चाचणीमागचा हिशेब मांडतो. चकचकीत कागदाची कमाल घनता, म्हणजे काळेपणाचे माप, साधारण २.१ असते. घनता हे लॉगॅरिदमचे माप असल्याने अशा काळ्यावरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे १२६ वा भाग परत येतो. मॅट कागदाची कमाल घनता १.६ च्या आसपास असते, म्हणजे सुमारे ४० वा भाग परत येतो. मॅट कागद कितीही नीट छापला तरी चकचकीत कागदाइतका काळा होत नाही, याचे कारण रसायनात नसून पृष्ठभागात आहे. खडबडीत पृष्ठभाग खोलीतला उजेड सगळीकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत येतो. पर्ल पृष्ठभाग या दोहोंच्या मध्ये, चकचकीतच्या जवळ पडतो, तेव्हा तुमच्या कागदाला दोष देता येत नाही.

दुसरे एक खटकते. कंडेन्सरचा एन्लार्जर चांदीच्या (म्हणजे साध्या कृष्णधवल) फिल्मवर, प्रकाश विखरून सोडणाऱ्या डिफ्यूजरपेक्षा मुळातच जास्त काँट्रास्ट देतो, कारण निगेटिव्हचा दाट भाग सरळ येणारा प्रकाश अधिक विखुरतो. याला कॅलिअर परिणाम म्हणतात. नेहमीप्रमाणे डेव्हलप केलेले निगेटिव्ह, वर कंडेन्सर, आणि तरीही ४ नंबरशिवाय काळा नाही, हे जुळत नाही. कुठूनतरी नको असलेला प्रकाश कागदावर येत असावा असा मला संशय आहे.

सरळरेष

दोनछटा यांच्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. स्प्लिट-ग्रेडमध्ये संपूर्ण कागदाला ०० आणि ५ असे दोन एक्स्पोजर दिले की त्यांची बेरीज मधल्या कुठल्यातरी एका ग्रेडइतकीच होते. जो टोन त्यातून मिळतो, तो अडीच किंवा सव्वातीनच्या एकाच फिल्टरनेही मिळाला असता. मल्टिग्रेड कागदावरच्या इमल्शनचे (प्रकाशाने बदलणाऱ्या थराचे) सगळे घटक निळ्या प्रकाशाला सारखेच जागे असतात, पण हिरव्या प्रकाशाला ते कमीअधिक प्रमाणात प्रतिसाद देतात. म्हणून निळा प्रकाश कडक प्रिंट देतो आणि हिरवा मऊ. पिवळा फिल्टर निळा अडवतो, मॅजेंटा फिल्टर हिरवा अडवतो. निळे आणि हिरवे एकापाठोपाठ एक दिले काय किंवा एकत्र मिसळून दिले काय, कागदाला त्यात फरक कळत नाही.

दोनछटा

संपूर्ण कागदापुरते तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि मी ते तसे स्पष्ट लिहायला हवे होते. पण प्रत्यक्ष छापताना आपण संपूर्ण कागदाला सारखेच एक्स्पोजर कुठे देतो? ५ नंबरचे एक्स्पोजर चालू असताना आजीचा चेहरा डॉज केला, म्हणजे झाकून धरला, तर चेहऱ्याला मऊ ग्रेड मिळतो आणि भिंतीला कडक. लुगड्यावर ०० ने थोडे बर्निंग केले, म्हणजे तेवढ्याच भागाला जास्तीचा प्रकाश दिला, तर निऱ्या येतात आणि शेजारचा काळा बिघडत नाही. स्प्लिट-ग्रेडचे खरे बळ इथे आहे: एकाच कागदावर दोन जागी दोन ग्रेड.

सरळरेष

यावर मतभेद नाही. मात्र ते पुढचे पाऊल झाले. आधी काकांच्या दोन चाचण्यांचे उत्तर येऊ द्या, नाहीतर आजार न ओळखता औषध दिल्यासारखे होईल.

धुकेशहर

तापमानाचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव लिहितो. मी मँचेस्टरला राहतो आणि माझी डार्करूम गॅरेजमध्ये आहे. पहिले दोन हिवाळे माझे सगळे प्रिंट मऊ आणि फिके आले आणि मी कागद बदलत राहिलो. एक दिवस ट्रेमध्ये थर्मामीटर बुडवला तेव्हा ११ अंश दिसले. बहुतेक प्रिंट डेव्हलपरमध्ये मेटॉल किंवा फेनिडोनच्या जोडीला हायड्रोक्विनोन असते. घट्ट काळा भरण्यात हायड्रोक्विनोनचा वाटा मोठा असतो, आणि सुमारे १३ अंशांच्या खाली ते जवळजवळ काम थांबवते. म्हणजे जोडीतला एकच बैल ओढत होता. आता मी डेव्हलपरचा ट्रे मोठ्या ट्रेमधल्या कोमट पाण्यात ठेवतो, ते पाणी मत्स्यालयाच्या हीटरने तापवतो आणि २० अंश सांभाळतो. कागद तोच आहे, प्रिंट मात्र वेगळे येतात. नाशिककडच्या मंडळींनीही डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या टाकीच्या पाण्यात मिसळलेला डेव्हलपर एकदा मोजून पाहावा.

हायपोगंध

अगदी बरोबर. आम्ही स्टुडिओत डी-७२ स्वतः बनवत असू. एक लिटरला मेटॉल ३ ग्राम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ८० आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्राम, याच क्रमाने विरघळवायचे आणि वापरताना एका भागाला दोन भाग पाणी घालायचे. मेटॉल आधी आणि सल्फाइट नंतर, कारण सल्फाइटच्या दाट पाण्यात मेटॉल नीट विरघळत नाही. हिवाळ्यात सकाळी पहिले काम पाणी तापवण्याचे असे. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. डेव्हलपर ३० च्या वर गेला की पांढऱ्यावर धूसर थर यायचा, म्हणून बर्फाचे तुकडे पिशवीत बांधून ट्रेमध्ये सोडायचे.

त्या काळी आमच्याकडे कागद सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड अशा वेगवेगळ्या पाकिटांत येई. इलफर्डचा मल्टिग्रेड १९४० पासून जगात होता, पण आमच्या टेबलावर तो फार उशिरा आला. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू कागद आम्ही पुष्कळ वापरला. निगेटिव्ह बघून कोणते पाकीट उघडायचे ते ठरायचे, आणि चुकले तर तो कागद वाया जायचा, त्यामुळे निगेटिव्ह वाचायला आपोआप शिकलो.

निरांजन

माझ्याकडे अशा जुन्या कागदाचे एक न उघडलेले पाकीट आहे. त्यावर खरा काळा येईल का?

हायपोगंध

काळा येईल, पांढरा येईलच असे नाही. जुन्या कागदाला फॉग (प्रकाश न लागताही येणारी राखाडी झाक) चढतो. न वापरलेला एक तुकडा अंधारात थेट फिक्सरमध्ये टाका, दुसरा आधी डेव्हलपरमधून काढून मग फिक्सरमध्ये टाका आणि दोन्ही वाळवून शेजारी ठेवा. दुसरा राखाडी दिसला तर कागद धुरकटला आहे. डेव्हलपरमध्ये बेंझोट्रायाझोल थोडे घातले तर फॉग काही अंशी दबतो, पण कागदाचा वेगही कमी होतो. असा कागद शिकण्यासाठी वापरा, आजीच्या चित्रासाठी नको.

ओसरी

दोन्ही चाचण्या काल रात्री केल्या. उजेडात धरलेला तुकडा उत्कृष्ट काळा आला. मी तो माझ्या प्रिंटवर ठेवला तेव्हा मला अक्षरशः धक्का बसला, कारण तोवर ज्याला मी राखाडीसर काळा म्हणत होते तो त्याच्यासमोर निव्वळ राखाडी होता. म्हणजे कागद, डेव्हलपर आणि तापमान ठीक आहे.

फिल्मच्या मोकळ्या पट्टीच्या चाचणीत, २ नंबर आणि एफ/८ वर, २२ सेकंदांनंतर रेघ दिसेनाशी झाली. मी देत होते १४. मग मी तेच निगेटिव्ह घड्याळ लावून दीड मिनिट डेव्हलप करत २२ सेकंदांवर छापले. भिंत काळी आली, पण आजीचा चेहरा मळकट झाला आणि लुगडे खरकट्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखे झाले. मी १४ वर का थांबत होते ते यामुळे मला कळले. पांढरे जपण्यासाठी मी वेळ कमी करत होते आणि त्यात काळा मारला जात होता.

लघुगणक

१४ आणि २२ यांत अर्ध्या स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त फरक आहे, तेव्हा काळा उतरला नाही यात नवल नाही. आणि शेवटच्या वाक्यात तुम्ही नेमके मर्म सांगितले आहे. तुमची तक्रार काळ्याची आहे, पण दोष पांढऱ्यात आहे.

हे जरा विस्ताराने लिहितो, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. कॅमेऱ्यात भरकटलेला प्रकाश सावल्यांत शिरतो आणि त्या धुरकट करतो. प्रिंट काढताना गोष्ट उलटी होते. निगेटिव्हमध्ये सावलीचा भाग पातळ असतो, त्यातून कागदावर भरपूर प्रकाश येतो. लुगड्याचा भाग दाट असतो, त्यातून फारच थोडा. आता लेन्सवरच्या धुरकट थरामुळे, कॅरिअरच्या फटीतून किंवा सेफलाइटमधून (डार्करूममधल्या लाल दिव्यातून) थोडासा परका प्रकाश सगळ्या कागदावर सारखा पसरला, तर काळ्या भागाला त्याने काही फरक पडत नाही, कारण तिथे आधीच खूप प्रकाश आहे. पांढऱ्या भागाला मात्र तो परका प्रकाश जड जातो. पांढरे मळते, आपण घाबरून वेळ कमी करतो आणि काळा अर्धवट राहतो. मग आपण काळा शोधत दुकानात जातो.

मांडवीकाठ

लघुगणक यांनी लेन्सचा उल्लेख केला म्हणून लिहिते. मी पणजीला राहते. इथल्या पावसाळ्यात एन्लार्जरची लेन्स उघडी ठेवली तर दोन महिन्यांत आतल्या काचेवर बुरशीचे तंतू दिसू लागतात. माझ्या लेन्सचे असेच झाले होते. समोरून पाहिले तर काच स्वच्छ वाटायची. अंधारात पलीकडून टॉर्च तिरपा धरून पाहिल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी आणि साऱ्या काचेवर दुधाळ झाक दिसली. लेन्स साफ करून घेतल्यावर त्याच निगेटिव्हला पूर्वी साडेतीन नंबर लागत होता, तिथे अडीच पुरला. आता लेन्स सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात असते आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर वाळवते. तो तवा स्वयंपाकाला मात्र पुन्हा वापरत नाही. पुण्यात हवा कोरडी असली तरी तुमचा एन्लार्जर न्हाणीघरात आहे, हे विसरू नका.

फिल्टरही पाहून घ्या. मॅजेंटाचे जुने फिल्टर उष्णतेने फिके पडतात आणि मग ४ नंबर हा नावापुरताच ४ राहतो.

हायपोगंध

आता सेफलाइट. ओसरीताई, तुमचा दिवा कोणता आणि तो ट्रेपासून किती अंतरावर आहे?

ओसरी

झिरोचा बल्ब आहे आणि त्याला लाल जिलेटीनचा कागद दोनदा गुंडाळला आहे. ट्रेच्या वर साधारण दोन फुटांवर टांगलेला आहे. पण मी एकदा कागदाचा तुकडा त्याच्याखाली पाच मिनिटे ठेवून डेव्हलप केला होता आणि तो पांढराच राहिला होता.

हायपोगंध

ती चाचणी अपुरी आहे, आणि ही चूक भल्याभल्यांकडून होते. कोऱ्या कागदाला थोडा प्रकाश मिळाला तरी तो काही दाखवत नाही, त्याला जागे व्हायला आधी एक ठराविक मात्रा लागते. एन्लार्जरखाली एकदा एक्स्पोजर मिळालेला कागद मात्र जागा झालेला असतो. त्यानंतर सेफलाइटचा एक थेंबही त्याच्यावर उमटतो. आपला प्रिंट ट्रेमध्ये असतो तो याच जाग्या अवस्थेत, आणि तोही दिव्याच्या बरोबर खाली.

म्हणून चाचणी अशी करा. सेफलाइट बंद करून पूर्ण अंधारात कागदाला एन्लार्जरखाली इतकेच एक्स्पोजर द्या की डेव्हलप केल्यावर फिका राखाडी रंग येईल. किती सेकंद लागतात ते आधी पट्टी काढून ठरवा. मग तो कागद ट्रेच्या जागी ठेवून त्यावर एका रांगेत पाच नाणी मांडा. सेफलाइट लावा आणि एक, दोन, चार आणि आठ मिनिटांनी एकेक नाणे उचला. पाचवे तसेच राहू द्या. शेवटी दिवा बंद करून कागद अंधारातच डेव्हलप करा. ज्या नाण्याची फिकी चकती प्रिंटवर दिसेल, त्या नाण्याच्या आजूबाजूला सेफलाइटने कागद काळवंडला, असा त्याचा अर्थ. चकतीच दिसली नाही तर दिवा निर्दोष आहे.

कातळवाट

रत्नागिरीहून लिहितो. एक वेगळी बाजू मांडायची आहे. सगळी चर्चा प्रिंटवर चालली आहे, पण निगेटिव्हच्या सावलीत काही आहे का? माजघर अंधारे, खिडकी उजळ. लाइट मीटरने खिडकीचा उजेड धरला असेल तर भिंत फिल्मवर उमटलीच नसेल. अशा जागी मी ४०० ची फिल्म २०० ला वापरतो आणि डेव्हलपिंगची वेळ थोडी कमी करतो. सावली एक्स्पोजरने मिळते, डेव्हलपिंगने नाही. निगेटिव्हवर नसलेला तपशील शोधायला माणूस प्रिंट फिका करत जातो आणि राखाडी काळा हाती येतो.

सरळरेष

मुद्दा महत्त्वाचा आहे. ओसरी, निगेटिव्ह पांढऱ्या कागदावर धरून भिंतीचा भाग दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या पट्टीशी ताडून पाहा. दोन्ही सारखे स्वच्छ दिसले तर तिथे काही नाही.

ओसरी

पाहिले. भिंतीचा बराचसा भाग मोकळ्या पट्टीसारखाच आहे, पण जात्याभोवती आणि आजीच्या खांद्यामागे पुसट का होईना, खुणा आहेत. जात्याचा खुंटा निगेटिव्हवर स्पष्ट दिसतो. प्रिंटवर तो मला कधीच दिसलेला नाही.

मांडवीकाठ

सेलेनियमविषयी कुणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. नीट फिक्स झालेल्या आणि धुतलेल्या प्रिंटवर सेलेनियम टोनरने काळ्याची घनता किंचित वाढते. सर्वांत गडद भागांना तो आधी धरतो, त्यामुळे काळे जरा खोल जातात आणि पांढरे जवळजवळ तसेच राहतात. मात्र तो आधीच चांगल्या असलेल्या काळ्याला उजाळा देतो, राखाडीचा काळा करत नाही. शिवाय सेलेनियम विषारी आहे. हातमोजे आणि खेळती हवा नसेल तर बंद न्हाणीघरात तो उघडूच नये, असे मी आग्रहाने सांगते.

धुकेशहर

फायबर कागदावर जाणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. ओला फायबर प्रिंट झळाळतो आणि वाळला की पांढरे थोडे गडद होते व काळ्याची चमक उतरते. माझ्या कागदाला मी त्यासाठी सुमारे ८ टक्के एक्स्पोजर कमी देतो. आरसी कागदावर हा फरक कमी असतो, तरी चाचणीची पट्टी नेहमी वाळवूनच पाहावी.

हायपोगंध

आणि कोणत्या उजेडात पाहता तेही. आमच्या मालकांची एक शिस्त होती. बेसिनवरच्या झगझगीत दिव्याखाली प्रिंट पास करायचा नाही, कारण त्या उजेडात गडद प्रिंटच्या सावल्याही उघडतात आणि तोच प्रिंट गिऱ्हाइकाच्या भिंतीवर अंधारतो. ते प्रिंट वाळल्यावर दुकानाच्या दारात घेऊन जात, पाठ उन्हाकडे करून पाहत आणि मगच खाली ठेवत. कित्येकदा त्यांनी न बोलता प्रिंट परत माझ्या हातात दिला आहे, आणि प्रत्येक वेळी त्यांचे बरोबर होते.

ओसरी

उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. लेन्स स्वच्छ करून घ्यायला दहा दिवस गेले. सगळे क्रमाने सांगते.

नाण्यांच्या चाचणीत दोन मिनिटांच्या नाण्याची चकती पुसट दिसली आणि चार मिनिटांची तर लांबूनही ओळखू आली. कागद पाकिटातून काढून ईझलवर (एन्लार्जरखालच्या कागद धरणाऱ्या चौकटीत) बसवणे, एक्स्पोजर, बर्निंग आणि डेव्हलपर मिळून माझा प्रत्येक प्रिंट त्या दिव्याखाली चार मिनिटांच्या आसपास राहत होता. जिलेटीनचा कागद उलगडून पाहिला तर बल्बच्या बाजूला तो विटून नारिंगी झाला होता आणि एका कडेने फट राहून पांढरा उजेड छताकडे जात होता. आता मल्टिग्रेडसाठीचा योग्य सेफलाइट आणला आहे. तो ट्रेपासून पाच फुटांवर, भिंतीकडे तोंड करून लावला आहे. नाण्यांची चाचणी पुन्हा केली, आठ मिनिटांपर्यंत काही दिसले नाही.

लेन्सवर बुरशी नव्हती, पण आतल्या काचेवर तेलकट धूसर थर होता. मांडवीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे टॉर्च तिरपा धरला तेव्हाच तो दिसला.

त्यानंतर मोकळ्या पट्टीची चाचणी नव्याने केली आणि निगेटिव्ह छापले. अडीच नंबरच्या फिल्टरने २२ सेकंद दिले, दीड मिनिट डेव्हलप केले. भिंत काळी आहे, त्या पहिल्या तुकड्याइतकी काळी. आणि लुगडे मळलेले नाही. चेहऱ्याची उजेडाकडची बाजू अजून थोडी रिकामी वाटत होती, म्हणून दोनछटा यांच्या सल्ल्याने पुठ्ठ्याला छिद्र पाडून तेवढ्याच भागावर ०० नंबरने चार सेकंद बर्निंग केले. गालावरच्या सुरकुत्या आल्या आणि शेजारचा काळा जागचा हलला नाही.

दोनछटा

वाचून फार आनंद झाला. छिद्राचा पुठ्ठा सतत हलता ठेवत असाल अशी आशा आहे, नाहीतर कडा उमटतात.

कातळवाट

एक शंका. धुराने काळी झालेली भिंत पूर्ण काळी असावी का? आमच्या घरची तशी भिंत मी पाहत मोठा झालो. ती काळी असते, पण तिच्यावर काजळीची एक चकाकी असते, चुलीच्या बाजूला जास्त. सगळी भिंत एकसारखी काळी केली तर ती भिंत राहणार नाही, पडदा होईल.

लघुगणक

कातळवाट यांच्याशी सहमत. काळा खोल वाटतो तो त्याच्याशेजारी जेमतेम उजळ असे काही असते तेव्हा. प्रिंटमध्ये कमाल काळा थोड्याच जागी असावा आणि उरलेली सावली त्याच्या एखाद-दोन पायऱ्या वर असावी. निगेटिव्हवर ज्या पुसट खुणा आहेत असे तुम्ही लिहिले होते, त्या प्रिंटवर तगल्या आहेत का ते पाहा. नसतील तर २२ ऐवजी २० सेकंदही पुरतील.

हायपोगंध

ओसरीताई, प्रिंट पूर्ण वाळू द्या. सकाळी दारात उभे राहून, पाठ उन्हाकडे करून पाहा. जात्याचा खुंटा भिंतीपासून वेगळा दिसतो का, तेवढे सांगा.

ओसरी

पाहिला. २२ सेकंदांच्या प्रिंटवर खुंट्याचे वरचे टोक तेवढे दिसत होते, म्हणून २० सेकंदांचा आणखी एक काढला. त्यावर खुंटा पूर्ण दिसतो, आणि त्याच्यावर आजीच्या बोटांची सावलीही.

हायपोगंध

मग तोच प्रिंट ठेवा.